लंगोटाचं कापड

सौ. राणीसरकारांच्या सेवेशी,

मी खुशाल आहे, फक्त पाठ आखडलीय. बाळाच्या लंगोटांना कुठलं कापड घेऊ, असं विचारलंस ना? मायक्रोफायबर नकोच. ते घटाघटा पाणी पितं, पण जरा दाबलं की सगळं ओकतं, आणि थेट अंगाला लागलं तर कातडी लाल होते. फ्लॅनेल उबदार असतं, पण वाळता वाळत नाही. मलमल घे, चार पदरी. धुऊन धुऊन ती आणखी मऊ होते.

पुरुषाला हे कसं गं कळतं, म्हणून आई हसेल. तिला सांग, मी सांभाळतो त्या आजोबांनाही लंगोटच लागतात. बदलायचे, धुवायचे, वाळत घालायचे, हीच माझी नोकरी. शेजाऱ्यांना मी सुपरवायझर आहे असं सांगितलंय, ते तसंच राहू दे.

तुझे पाय अजून सुजतात का? पाण्याची बादली उचलू नकोस.

काल लंगोट बदलताना आजोबांनी माझं बोट घट्ट धरलं आणि आपले वडील समजून मला ‘बाबा’ अशी हाक मारली. राग नाही आला गं. पण ती हाक पहिल्यांदा आपल्या बाळाच्या तोंडून ऐकायची होती.

तुझाच,
सुपरवायझर