धावताना बोलायचं की नाही

१२ मार्च
परत सोळाव्या कि.मी.ला बसले. मागच्या चाचणीतही तिथेच. पाय दुखत नाहीत, पोटही नाही, एकाएकी संपतंच सगळं. काय संपतं नक्की? सर म्हणाले, "तीस तारखेले एकवीसची शेवटची चाचणी. पहिल्या तिघी नागपूरले, स्पर्धेले." मला जायचंय. फार जायचंय.

१५ मार्च
मोहफुलं पडायला लागली. मोठी माय आणि बाया पहाटेच जंगलाच्या रस्त्याला, म्हणून मला सोबत. अट एकच, मोठ्यानं बोलत धावायचं. बायाही बोलतच जातात, जनावराला कळावं म्हणून. मी गप्प पुढे गेले तर मो. माय टोपली टाकून ओरडली, "मुकी धावशील त वाघाले वाटंल चितळ हाय!"

१६ मार्च
सरांचं उलटंच. "तोंड बंद ठेव. बोलून राह्यली की दम जाते." सर आणि वाघ, दोघांत वाघाला भ्यायचं ठरवलं.
एकटीनं बोलणार काय? पाढे म्हटले. मग शेजारणीची उणीदुणी, झाडांना.

२१ मार्च
सतरा! बसले नाही. पाढ्यांमुळे? की बोलताना जोरात पळताच येत नाही म्हणून?

२५ मार्च
तपासलं. शाळेच्या मैदानावर, गप्प. चौदालाच खलास. पहिले पाच फारच पटपट झालेले. म्हणजे मी सुरुवातीलाच उधळते!
मो. मायला सांगितलं. तिला काही नवल नाही. "मंग? आमाले भरली टोपली घेऊन वापस याचं रायते ना. जातानाच दम राखा लागते."

३० मार्च
चाचणी. पाढे चालू. शेजारून धावणारी वरोऱ्याची पोरगी, "कोनाशी बोलून राह्यली वं?" सोळा कधी गेला कळलंच नाही, एकोणतीसच्या पाढ्यात अडकले होते. एकवीस पूर्ण!! चौथी. तिसरी दहा पावलं पुढे.
हसू आलं, मग रडले.
सर म्हणाले, "शेवटी तरी तोंड बंद ठेवलं असतं त..." नाव राखीव म्हणून लिहिलंय. एखादी गळली तर.

३१ मार्च
सरांचं खरं असेल? अठरापर्यंत बोलून मग गप्प झाले तर? पाय बरे झाले की बघायचं. मैदानावर, मो. मायला न सांगता.
तिनं सकाळी एवढंच विचारलं, "वाघ दिसला का?"
"नाई."
"मंग! बोलली म्हनून."