गळ्यातलं हळकुंड

नेरुळ

तीर्थरूप आईस, जाईचा वाकून नमस्कार.

फोनवर बोललं की या फ्लॅटमध्ये सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून पत्र.

मेंदूचा एमआरआय झाला. मल्टिपल स्क्लेरोसिसचे नवे डाग नाहीत, हे आधी वाच. फक्त मेंदूचा करडा भाग गेल्या वर्षीपेक्षा पातळ झालाय, म्हणून विसरायला होतं, असं डॉक्टर म्हणाले. निशांत मला सारखं 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणतो आणि स्वतः अर्ध्या ताटावरून उठतो.

मशीनमध्ये धातू चालत नाही. गळा ओका नको म्हणून सासूबाईंनी दोऱ्यात हळकुंड बांधून दिलं. तिथल्या बाईंनी ते वास घेऊन पाहिलं, मग आत सोडलं!

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा गोळ्या घेतात ना?

हळकुंड अजून गळ्यात आहे. आणखी एक तपासणी बाकी आहे, असं मी घरी सांगितलंय. तशी काही नाही. मंगळसूत्र मीच काढून जपून ठेवलं होतं. कुठे, ते आठवत नाही. कपाट, डबे, देवघर, सगळं पाहिलं.

लहानपणी माझं काही हरवलं की तू जागची न हलता सांगायचीस. आई, मी कुठे ठेवलं असेल गं?

तुझी,
जाई