काज नसलेला कोट

३ फेब्रुवारी, मंगळवार

मेले मी! शाळेतून चिठ्ठी आली. वर्षभरात सगळ्यात जास्त प्रगती — आमची ठमी! 'स्वतःची कामं स्वतः' यात वर्गात पहिली. वीस तारखेला कार्यक्रम. ठमी स्टेजवर कोट घालणार आणि सगळ्यांसमोर बटणं लावून दाखवणार. पालकांनी अवश्य यावे.

ह्यांनी चिठ्ठी तीनदा वाचली. चौथ्यांदा शेजारी जाऊन वाचून दाखवली. "डॉक्टर म्हणाले होते, हिला काही जमायचं नाही. घ्या आता!" मी आत जाऊन भांडी घासायला घेतली. घासलेलीच.

का, ते इथे लिहून टाकते. दुसरं सांगणार कोणाला! शाळेने घरी एक वही दिली आहे. रोज सकाळची खूण करायची — दात घासले, केस विंचरले, बटणं लावली. मुलीने आपलं आपण केलं तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. गेले सात महिने मी बटणांपुढे बरोबरची खूण करते आहे. आणि गेले सात महिने ठमीची बटणं रोज मी लावते आहे. कारखान्यात माझी आठची पाळी. ती हात पसरून, हसत समोर उभी राहते. "हलू नकोस गं, उशीर होतोय," म्हणत मी पाचही बटणं धडाधड लावून मोकळी!

खुणाही रोज करत नाही. रविवारी दुपारी सहा एकदम.

४ फेब्रुवारी, बुधवार

कारखान्यात कोणाला सांगणार नव्हते. पण हे टेम्पो घेऊन कापडाचे तागे टाकायला आले आणि सगळ्यांना सांगून गेले. इस्त्रीवाली मावशी म्हणाली, "काजवालीची पोर ती! ती नाही बटणं लावणार तर कोण!" सगळे हसले. मीही हसले. दिवसाला सहाशे काजं पाडते मी मशीनवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कटिंगच्या मास्तरांनी उरलेलं निळं कापड दिलं. "पोरीला नवा कोट शिव. जुन्यात नको न्यायला." नको म्हणायला तोंड कुठे होतं!

८ फेब्रुवारी, रविवार

शिकवणी सुरू. जुना शर्ट घातला. "वरून सुरू कर," म्हटलं. गळ्याखालचं बटण. मान दुमडून दुमडून बघते, बोटं घसरतात. मग माझा हात धरून बटणावर ठेवते. "आई."

"आई नाही. तू!"

पुन्हा माझाच हात. "आई."

अर्ध्या तासाने मी तिच्या हातावर चापट मारली. जोरात नाही, पण मारली. रडली नाही ती. हात पाठीमागे लपवला. खोट्या खुणा माझ्या आणि चापट तिला! बारा वर्षांची झाली, आजवर कधी हात उगारला नव्हता.

१० फेब्रुवारी

काल तेच. आजही तेच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खरं सांगून टाकायचं म्हणून ठमीच्या बाईंना शाळेत फोन केला. त्यांनी उचलल्या उचलल्या — "अहो, किती आनंद झाला असेल ना घरी!" माझ्या तोंडून "हो, रोज लावते ती" एवढंच निघालं. जीभ कशी झडली नाही!

मग म्हणाल्या, "दोन्ही पालकसभांना तुम्हाला जमलं नाही. एकदा येऊन बघा ना, आम्ही कसं करून घेतो ते." म्हटलं, रजा मिळत नाही. खोटं. रजा मी मागितलीच नव्हती. त्या सभेत बाकीच्या आया आपापल्या मुलांबद्दल भडाभडा बोलतात. मला चारचौघांत ठमीबद्दल बोलायची लाज वाटते. हे आजवर इथेही लिहिलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

कोट झाला! निळा, पाच मोठी पांढरी बटणं. दृष्ट लागावी असा.

काजं नाहीत.

आतून वेल्क्रोची पट्टी लावली आहे. बटणं वर नुसती टाचलेली, शोभेची. काठ काठावर ठेवून दाबला की बंद. लांबून कोणाच्या बापाला कळणार नाही. सहाशे काजं पाडणाऱ्या बाईने लेकीच्या कोटाला एक पाडलं नाही! हुशारी उतू चालली आहे नुसती.

ठमीला घालून बघितला. ती काठावरून अंगठा फिरवत राहिली. "भोक?"

"भोक नाही. नुसतं दाबायचं. हे बघ."

दाबलं. चिकटलं. माझ्याकडे बघितलं, बटणाकडे बघितलं. "भोक?"

चार वेळा करून घेतलं. चारही वेळा जमलं. सुटले एकदाची. बऱ्याच दिवसांनी आज दोन घास नीट गेले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कसं लिहू!

आम्ही पहिल्या रांगेत. ह्यांचा शर्ट कडक इस्त्रीचा. ठमी स्टेजवर आली, कोट घातला, सगळ्यांना हात हलवला. बाई तिच्याजवळ खाली बसल्या आणि माइकमध्ये म्हणाल्या, "खालून सुरू करायचं ना, ठमी?"

खालून! खालचं बटण डोळ्यांना दिसतं. आणि मी तिला गळ्यापासून लावायला सांगत होते.

तिने शेवटचं बटण एका हातात धरलं, दुसऱ्या हाताचा अंगठा काठावरून फिरवला. तो हात बघितला मी. शिकलेला हात होता तो! हिला येतं. हिला केव्हाचं येतं.

भोक सापडेना. काठ उलटा करून बघितला. दुसऱ्या बटणापाशी शोधलं. तिसऱ्यापाशी. मागून कोणीतरी, "घाबरली बिचारी." घाबरली कुठे होती ती! शोधत होती. मी उठून सांगू शकले असते. मी पर्समध्ये तोंड खुपसून रुमाल शोधत बसले.

बाईंनी काठ हातात घेतला. पट्टी चर्रकन सुटली — माइकसमोर, हॉलभर ऐकू गेली. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मग स्वतःचा बटणांचा स्वेटर काढून ठमीला घातला. ढगळ, गुडघ्यापर्यंत. आणि लावली पोरीने! एक, दोन, तीन, चार, पाच. खालून वर! टाळ्या थांबेनात. ह्यांचे डोळे वाहत होते. माझे हात काही टाळीला उठले नाहीत.

नंतर बाईंना गाठून सगळं सांगितलं. वहीसुद्धा. त्या म्हणाल्या, "खुणांचं माहीत होतं हो. सहाच्या सहा एका दमात केलेल्या कळतात. सकाळची घाई असेल, म्हटलं. पण तिला येत नाही असं तुम्हाला वाटत असेल, हे डोक्यातच आलं नाही माझ्या." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

येताना ठमी कोट मांडीवर घेऊन बसली होती. ह्यांना म्हणाली, "आई भोक विसरली." मग माझ्या पाठीवर थोपटलं. शाळेत बाई थोपटत असतील तसं. "असू दे. पुन्हा करू."

ह्यांनी विचारलं, कसलं भोक? सांगितलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "मला तरी सांगायचंस."

२१ फेब्रुवारी, शनिवार

डब्याच्या सुट्टीत कोटाची पट्टी उसवली. पाच काजं हाताने केली, मशीनवर नाही. इस्त्रीवाली मावशी बघत होती. तिला सगळं खरं सांगितलं, ठमीबद्दल, माझ्याबद्दल. तिने कोट ओढून घेतला. "दुसऱ्या काजाचे टाके सैल पडलेत," म्हणाली. "उसव आणि नीट कर." बाकी काही नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

अर्धा तास लवकर उठले. घड्याळाचं तोंड भिंतीकडे केलं आणि ठमीसमोर बसले. तिने खालून चार बटणं लावली. पाचव्यापाशी थांबली. माझा हात धरून त्यावर ठेवला.

"येतं ना तुला?"

"येतं."

"मग?"

"हे आईचं."

वहीत आज खूण केली नाही. लिहिलं — चार तिने, पाचवं मी.