पितळी चाळणीतला खडा

४ मार्च, सोमवार

दवाखान्यात त्या पोरसवदा डॉक्टरांनी विचारलं, काका, काम काय करता? मी तेव्हा त्यांच्या टेबलापाशी दुमडून पडलो होतो, नीट उत्तर देता आलं नाही. हीच मध्ये बोलली, पंप दुरुस्त करतात. बस, एवढंच! म्हणून इथे नोंद करून ठेवतो.

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: मोटरच्या तारा गुंडाळायचं वाइंडिंगचं मशीन, जुन्या सायकलच्या चाकापासून. घरातल्या चार खुर्च्या (एक डुगडुगते, पण तो फरशीचा दोष). इस्त्रीचं टेबल. चष्म्याची उजवी काडी. टाकी भरली की वाजणारी घंटा. टाकी रिकामी झाली की वाजणारी दुसरी घंटा. दोन्ही एकदम का वाजतात ते शोधतोय. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही.

निदान: मुतखडा, डावीकडे, नऊ मिलिमीटर. किडनीतून निघणाऱ्या नळीच्या तोंडाशीच अडकलाय, त्यामुळे वर किडनी फुगलीय. डॉक्टर म्हणाले, आत्ता आत एक बारीक नळी घालून ठेवू, लघवीला वाट होईल, किडनी वाचेल. खडा नंतर सावकाश फोडू. थांबलात तर किडनी बसेल.

म्हणजे तात्पुरतं काम! मी इतकी वर्षं धंद्यात आहे, तात्पुरतं काम कधी केलं नाही. चोकअप आहे तर चोकअप काढा, नळीत नळी कसली घालता, असं स्पष्ट विचारलं. डॉक्टर म्हणाले, काका, किडनी म्हणजे पंप नव्हे. यावर मी हसलो. हसताना कळ आली.

इंजेक्शन घेऊन घरी.

५ मार्च

मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहतो आणि स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. खिशातून पाकीट काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. म्हणाला, भाऊजी, उद्याच्या उद्या नळी घालून घ्या. परत द्यायची घाई नाही. नाही दिलेत तरी चालेल.

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. पाकीट परत केलं. आत किती होते ते पाहिलं, पण लिहीत नाही. लिहिण्यासारखी रक्कम नाही.

ही म्हणाली, खडा दिसला सोनोग्राफीत, ताठा कशात दिसतो ते विचारून या.

दुर्लक्ष केलं. उद्यापासून स्वतःचा इलाज. पंधरा दिवसांत खडा बाहेर.

६ मार्च

प्रेशर पद्धत. सकाळपासून पाणी. हिने विचारलं, एवढी कळशी कुणासाठी भरलीत, म्हशीसाठी का?

दुपारी बाराला कळ. एकला मोठी कळ. दोनला ओकारी.

पुढची वाट बंद असताना मागून प्रेशर वाढवलं की सील फुटतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पण इथे सील नाही. पद्धत बरोबर आहे, सवय नाही एवढंच.

११ मार्च

पाणी बंद. कंपन पद्धत सुरू. डुगडुगणारी खुर्ची अखेर कामी आली. खाली अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, शाफ्टवर मुद्दाम एका बाजूला वजन. खडा हलून सुटा होणार, साधी गोष्ट आहे.

चाचणी सायंकाळी साडेपाचला. खुर्ची मला घेऊन स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली. मांडणीतली भांडी खाली. दोन्ही घंटा वाजल्या. हिने प्लग काढला आणि म्हणाली, जिवंत आहात ना, मग भांडी उचला.

वाकता येत नव्हतं. तिनेच उचलली.

१६ मार्च

आज लिहायला जमत नाही. सकाळपासून बाथरूमच्या फरशीवर. असं दुखणं शत्रूलाही नको. डाव्या कोपऱ्यात फरशीच्या जोडाला सिमेंट कमी पडलंय, हे उभ्याने कधी दिसलं नव्हतं. बरा झालो की भरून घेईन.

ही दाराबाहेर बसून होती. म्हणाली, अहो, माझ्यासाठी म्हणून चला. मी म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे.

१९ मार्च

खडा निघेल तेव्हा पुरावा हवा. चाळणी बनवली. पितळी जाळी, पितळी कडी, कडेने गोल सोल्डरिंग. हात थरथरत होता, तरी काम देखणं झालं. दवाखान्यात चहाचं प्लॅस्टिकचं गाळणं देतात म्हणे. आता लघवी याच्यातूनच.

ही चाळणीकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं कौतुक करेल. म्हणाली, ही माझ्या भांड्यांत मिसळू नका.

२२ मार्च

निघाला!

सकाळी सात चाळीस. चाळणीच्या कडेला, राखाडी, गोल, गुळगुळीत. व्हर्नियरने मोजला: तीन पूर्णांक दोन मिलिमीटर. रिपोर्टमध्ये नऊ लिहिलं होतं. एक तर त्यांचं मशीन कॅलिब्रेट केलेलं नाही, किंवा बाकीचा खुर्चीने चुरा झाला. दुसरी शक्यता जास्त.

२६ मार्च

दुखणं ओसरत चाललंय.

२ एप्रिल

दुखणं पूर्ण बंद. अजिबात नाही. डाव्या कुशीवर झोपलो.

मेहुण्याला मुद्दाम फोन केला. अभिनंदन करायचं सोडून म्हणाला, भाऊजी, कळ अशी आपोआप थांबणं दर वेळी चांगलं नसतं, डॉक्टरांना दाखवून घ्या. दुखलं तरी सोनोग्राफी, थांबलं तरी सोनोग्राफी! यांचं दुकान कसं चालतं ते कळलं.

ही मात्र हसली. बऱ्याच दिवसांनी. देवापुढे जाऊन काहीतरी पुटपुटली. खुर्चीपुढे पुटपुटायला हवं होतं, पण बोललो नाही.

१४ एप्रिल

खड्यासाठी डबी केली. सागवानी, वर काच, आत कापूस. माझ्या दुकानात काउंटरवर ठेवली आहे. गिऱ्हाईक मोटर घेऊन आलं की आधी खडा दाखवतो, मग मोटर बघतो. एकाने विचारलं, चमकतो कसा हो? म्हटलं, शरीर आतून पॉलिश करतं.

९ मे

थकवा. उन्हामुळे असावा. डावीकडे जडपणा, खुर्चीच्या धक्क्यांचा. खुर्चीला खाली रबर लावलं पाहिजे.

२३ मे

ताप. थंडी वाजून आला. साथ असेल.

हिने डबी उचलून पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, उठा, डॉक्टरांना तुमचा खडा दाखवायला जाऊ. या कारणासाठी मी तयार झालो. नऊ आणि तीन पूर्णांक दोन यांचा हिशेब मलाही विचारायचा होता.

२४ मे

काल दवाखान्यातच ठेवून घेतलं. आज लिहितो.

डॉक्टरांनी डबी उघडली. म्हणाले, वा काका, डबी सुंदर आहे. मग खडा ट्रेमध्ये घेतला आणि कात्रीच्या मागच्या बाजूने दाबला. चपटा झाला. आवाज न करता. तुटला नाही, भुगा झाला नाही. कात्रीचं टोक लागलं तिथे चांदीसारखी रेघ उमटली.

डॉक्टर विचार करत राहिले, हे काय असावं म्हणून. मला विचार करावा लागला नाही. चाळणीच्या कडीवरचा सोल्डरचा थेंब, मऊ कथील. हात थरथरला तेव्हाचा. आयुष्यभर सोल्डर केलं, पाच फुटांवरून ओळखला असता. व्हर्नियर लावला, नख मात्र लावून पाहिलं नाही.

ही समोर उभी होती. तिला काय ते सांगितलं नाही. ती मोटर दुरुस्तीच्या घरात नांदली आहे, तिला सांगावं लागलं नाही.

सोनोग्राफी झाली. खडा जिथे होता तिथेच आहे. नऊ मिलिमीटर. मशीन कॅलिब्रेट केलेलं आहे.

मग दुखायचं का थांबलं, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, काका, किडनीने काम करणं सोडलं की मागून प्रेशर येत नाही. प्रेशर नाही, तर दुखणंही नाही.

हे समजायला डॉक्टर लागत नाही. पंप बंद पडला की पाइप शांत होतो.

३ जून

स्कॅनचा रिपोर्ट आला. डावी किडनी चार टक्केच चालते. आत पू. आता नळीने भागणार नाही, किडनीच काढायची, गुरुवारी. खर्च मेहुणा बघतोय. किती ते मला सांगत नाही, मीही विचारत नाही.

नर्स फॉर्म भरायला आली. विचारलं, काम काय करता? म्हटलं, पंप दुरुस्ती.

ही उशाशी बसल्या बसल्या झोपली आहे. दवाखान्याची खुर्ची डुगडुगत नाही.

५ मार्चची नोंद अपुरी होती, पूर्ण करतो. मेहुण्याने नळीचा सगळा खर्च देऊ केला होता. मी नको म्हटलं. नऊ हजार.