होल्डचा लाल टॅग

तीर्थस्वरूप भीमराजदादास,

धाकट्या सिद्धेशचा सादर जय भीम. इकडे आम्ही बरे आहोत. तिकडे बडोद्यात तू आणि वहिनी खुशाल असालच. तुझं पोट कसं आहे? (सहज विचारतोय.) फोन सोडून पत्र का, ते खाली कळेल. शिवाय फोनवर तू "हो हो, बघू" म्हणून मधेच ठेवून देतोस.

आधी बातमी, आणि रागावू नकोस. मला आतड्याचा कॅन्सर निघाला. वेळेत सापडला, ऑपरेशन होऊन तेवढा भाग काढला, आणि मी रहाटणीत गॅलरीत बसून मऊ भात खातोय. वय चौतीस, राव! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हल्ली असे तरुण पेशंट बरेच येतात. आठ महिने रक्त पडत होतं आणि मी मूळव्याध समजून मलम लावत होतो. (मलम कॅन्टीनच्या साहेबरावांनी सुचवलं. त्यांना स्वतःला मूळव्याध नाही, पण सल्ला दांडगा.) चाकणच्या कंपनीत दिवसभर माझं काम काय, तर पंपाला तेलाचा थेंब जरी दिसला तरी लाल टॅग बांधून माल होल्डला टाकायचा, तपासणाऱ्याची सही होईपर्यंत तो जागचा हलत नाही. आणि स्वतःचा माल मात्र बिनबोभाट पास!

पकडलं चिमाआत्याने. चार दिवस राहायला आली होती, तिला धुण्यात डाग दिसले. सकाळी बघतो तर बाईकच्या हँडलला माझ्याच बॅगेतला लाल टॅग, आणि 'दोष'च्या रकान्यात तिच्या अक्षरात 'रक्त'. तिने पंचवीस वर्षं कंपनीत पॅकिंगला काढलीत, तिला मी काय शिकवणार? म्हणाली, "तपासणाऱ्याची सही आण, मग गाडी हलव."

दुर्बिणीच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पोट साफ व्हायचं औषध घरी घ्यायचं असतं. मी शहाणा, वेळ वाचवायला परतीच्या कंपनी बसमध्ये चढतानाच प्यायलो. मोशीला बस अडकली, औषध काही अडकलं नाही. उतरून समोरच्या मंगल कार्यालयात घुसलो, तर वधूपिता दौलतरावांनी नवरदेवाकडचा समजून मला फेटा बांधला. फेट्यासकट पाच फेऱ्या झाल्या. शेवटी खरं सांगितलं, तर ते हसले नाहीत. लेकीची पाठवणी तासावर आलेली, तरी पुतण्याला गाडी काढायला लावून मला घरी पोचवलं. ऑपरेशननंतर लग्नातले लाडू घेऊन भेटायलाही आले. लाइनवरची पोरं शिफ्ट सुटली की आळीपाळीने येऊन बसायची. दादा, मलम लावत बसलो असतो तर माणसं एवढी चांगली असतात हे कळायच्या आधीच गेलो असतो. सगळ्यांचे उपकार आहेत, आत्याचे सर्वात जास्त.

तुझा,
आतून बाहेरून तपासलेला,
सिद्धेश

ता. क. आत्या म्हणाली होती, दादाला कळवू नको, घाबरेल. मीही घाबरलो होतो. रडलोसुद्धा.

ता. क. २. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, त्रास नसला तरी सख्ख्या भावाने तपासून घ्यावं. आणि तुला त्रास आहे. तूही मलम लावतोस, हे वहिनींनी सांगितलं. पाकिटात लाल टॅग आहे, तो फोनवरून पाठवता येत नाही. वहिनी तो तुझ्या स्कूटरला बांधतील. सही झाली की परत पाठव. माझा आत्याने कपाटात साड्यांखाली जपून ठेवलाय, आणि शेजारी तुझ्या टॅगसाठी जागा ठेवलीय.