झाकलेली ताटली

१५ नोव्हेंबर २०११
शेजारणीने प्रेमाने दिलेला शिरा खाऊ नकोस, हे नऊ वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? मला माहीत नाही. बी.ए.च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नाही!
तरन्नुमला शाळेच्या कबड्डीत खेळायचंय, पण लगेच धाप लागते. डॉक्टर म्हणाले, वजन उतरलंच पाहिजे. अशाच मुलांसाठी संस्थेने या मोहल्ल्यात संध्याकाळचा खेळ सुरू केला, मला नेमलं. पण खेळ सुटला की हीच पोरगी आईची झाकलेली ताटली घेऊन घरोघर! दारोदारी "बेटा, मुँह तो मीठा कर." आणि रिकामी ताटली कुणी परत करतच नाही. जाताना शिरा, येताना जर्दा, म्हणजे तो केशरी गोड भात.

१६ नोव्हेंबर
सगळ्या आयांना सरळ सांगून टाकलं — शेजारचं गोड बंद!

१७ नोव्हेंबर
खेळायला कुणी आलं नाही. मी, माझी दोरी आणि एक बकरी. तरन्नुमची आई कनीजबाजी दारातूनच म्हणाली, "क्यों मॅडम, हमारे हाथ में ज़हर है क्या?" मागून तरन्नुम डोकावली. आईने तिला आत ओढलं.

१९ नोव्हेंबर
चार महिने मोहल्ल्यात जाते, पण कुणाकडे साधा चहा घेतला नाही. वर गोड बंद करायला सांगते! रागावणारच त्या.
इकडे मुर्रीला, आमच्या घरी, शिंगाडे उकडले होते. ताटलीत भरू लागले तर आई —
"त्याहिच्या घरी कायले नेऊन रायली वो? ताटली वापस आली तं ठेवशील कोठी?"
आमच्या परसात कोनाड्यात एक कप वेगळा असतो. बाहेरच्यांसाठी. कोणत्या बाहेरच्यांसाठी, हे कुणी बोलत नाही.

२० नोव्हेंबर
नेले! कनीजबाजीने कापड उचललं. मग हसलीच — "ये तो छीलते-छीलते ही भूख मर जाती है!" मला जर्दा वाढला. खाल्ला. फार छान होता, काय करू! पोरं शिंगाडे सोलत बसली, बोटं काळी. मग दोरीवर उड्या.

३० नोव्हेंबर
आता ताटल्यांत शिंगाडे, पेरू. गोड फक्त शुक्रवारी — हे बायांनीच ठरवलं. तरन्नुम लांबची घरं मागून घेते, पळत जाते. "दीदी, गरम है ना, भागना पड़ता है!"

२ डिसेंबर
तरन्नुम कबड्डीत उतरली! बाद झाली — धापेने नाही, पकडली म्हणून! कनीजबाजी म्हणाली, "इतवार को आपकी प्लेट लौटाने हम दोनों आएँगे. मुर्री तक पैदल."
तरन्नुम नाचायलाच लागली. मला कोनाड्यातला कप आठवला.

४ डिसेंबर
आल्या. चालत! ताटलीत पेरू.
आई परसातून ओरडली, "तो कप कोठी गेला वो?"
सकाळीच मी त्यात मिरचीचं रोप लावलं होतं. चहा आमच्याच कपांत गाळला.