ताईच्या दारात गाडीने

९ मार्च, सोमवार. सकाळी.
आधी आनंदाची बातमी. येत्या रविवारी मी ताईकडे जाणार. नात गाडी चालवणार, मी पुढे बसणार. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शुक्रवारी, वीस तारखेला, तिचा मुलगा तिला कायमची परदेशी नेतोय. घराला कुलूप. सात वर्षं भेट नाही. माझ्या लग्नात चार बायकांत म्हणाली होती, ट्रकवाल्याला देताय, जन्मभर फाळक्याला लटकून फिरेल बिचारी. बावन्न वर्षं झाली. मी तर विसरूनही गेले. फक्त एकदा तिच्या दारात आपल्या गाडीतून उतरायचं, एवढंच.
गाडी आज चालू झाली नाही. किरकोळ आहे. दोनदा खाकरते आणि गप्प बसते. मलाही सकाळी तसंच होतं.

१० मार्च.
गॅरेजवाला आला. हातात पाना नाही, लॅपटॉप! स्टिअरिंगखाली वायर खुपसली आणि आकडे वाचत बसला. म्हणाला, आजी, ईसीएम गेला. म्हणजे काय रे बाबा? तर म्हणे गाडीचा मेंदू. मी म्हटलं, आमच्या ह्यांच्या ट्रकला मेंदू नव्हता, ह्यांना होता, त्यावर तीस वर्षं ट्रक चालला. नात हसली. तो हसला नाही. फार दमलेला दिसतो.
मग त्याने एक चपटा डबा काढून उघडला, हाच म्हणे तो मेंदू. आत पाणी. विचारलं, इंजिनवर नळी कुणी मारली? मी म्हटलं, आमच्याकडे असलं कोण करणार?
शुक्रवारी मी धुतलं होतं, पण ते स्वच्छ पाणी होतं. पिण्याचं. त्याने काय बिघडायचंय.

११ मार्च.
नवीन डबा यायला चार दिवस. मी भंगारवाल्याकडे जाऊन आले. त्याच्याकडे अगदी हीच गाडी, पुढून चेपलेली, पण डबा शाबूत. गॅरेजवाल्याला सांगितलं तर म्हणाला, तो डबा त्याच्याच किल्लीला ओळखतो, तुमच्या किल्लीने चालू व्हायचा नाही. मी म्हटलं, नवी सून घरात येते तेव्हा कुठे कुणाला ओळखते? आठ दिवसांत बरोबर सगळ्यांना ओळखून असते. त्याने लगेच फोन काढून नवा डबा मागवला. पटलं असावं.
निश्चय : उद्यापासून त्याच्या कामात बोलायचं नाही.

१२ मार्च.
बोलले. थोडंच.
गुडघे दुखतात. हे वाट बघणं फार दमवतं बाई, भांडी घासण्यापेक्षा जास्त.

१५ मार्च, रविवार.
आज निघायचं होतं. आज डबा आला, बसवून चालवून बघायला दोन-तीन दिवस, म्हणजे बुधवारी नक्की. उलट बरंच झालं, रविवारी रस्त्यात गर्दी असते.
सगळं माझ्या देखरेखीखाली. बॅटरीची तार काढली, जुना डबा काढला, नवा बसवला, तार परत लावली. मग लॅपटॉप जोडून म्हणाला, आता ह्यात गाडीचा प्रोग्राम भरायचा, तास-दीड तास लागेल. किल्ली ऑन राहू दे, कुणी हात लावायचा नाही. तेवढ्यात कोपऱ्यावर कुणाची गाडी अडली म्हणून त्याला बोलावणं आलं. नात अंघोळीला गेली. मी खुर्ची टाकून राखणीला बसले.
आता गंमत बघा. गाडीत चिटपाखरू नाही आणि किल्ली ऑन! सगळे दिवे लागलेले! आमचे हे जेवताना घास टाकून उठायचे, पण किल्ली ऑन ठेवून कधी उतरले नाहीत. बॅटरी उतरते. ज्या खोलीत माणूस नाही तिथला दिवा मी आयुष्यात चालू ठेवलेला नाही. तरी चाळीस मिनिटं कळ काढली. चाळीस! पडद्यावर एकाहत्तर आलं तेव्हा म्हटलं, शंभरातले एकाहत्तर, मला चौथीत बावन्न होते तरी पास केलं होतं. किल्ली काढली, खिळ्याला लावली.
तो आला. पडदा बघितला. मग पायरीवर बसला. मी पाणी दिलं, ते प्याला. म्हणाला, आजी, हाही गेला. अर्धवट भरला की मरतो.
नात ओरडली, किल्ली कुणी काढली? मी म्हटलं, ओरडतेस काय, कुठे हरवली नाही, खिळ्याला आहे.
हल्लीच्या वस्तूच नाजूक. माणसंही.

१६ मार्च.
ताईचा फोन. म्हणाली, अगं बसने ये ना, तीन तासांत पोचशील. मी म्हटलं, मला बस लागते. (एकोणीस वर्षांपूर्वी बसले होते, तेव्हा शेजारणीला लागली होती. पण एकाच बाकावर होतो.) गाडीनेच येते, दुसरा डबा बुधवारी येतोय, त्याच दिवशी निघते. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, लवकर ये गं. मग परत तेच. म्हातारपणी माणूस तेच तेच बोलतं.

१८ मार्च, बुधवार.
दुसरा डबा आला. गॅरेजवाल्याची अट : आजी घरात, दार बंद, बाहेरून कडी. मी आनंदाने कबूल झाले. प्रोग्राम पूर्ण शंभर! नातीने खिडकीतून अंगठा दाखवला.
गाडी चालू झाली नाही.
डब्याच्या आधी जी वायर येते तिचा प्लगही आतून हिरवा पडलाय. पाण्याने, म्हणाला. ह्या माणसाला पाण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. वायर बदलायला दोन दिवस.
नात म्हणाली, आजी, उद्या सकाळची बस धरू. मी म्हटलं, दोन दिवसच म्हणतोय ना तो? ताई शुक्रवारी दुपारपर्यंत घरी आहे. शुक्रवारी सकाळी गाडी तयार, दहाला आम्ही दारात. हिशेब सोपा आहे.

१९ मार्च.
साडीला इस्त्री केली. गाडीतून उतरताना चुरगळलेली दिसू नये म्हणून कसं बसायचं तेही ठरवलं. दिवसभर गाडीपाशी चार फेऱ्या. बॉनेट उघडं, आत वायरींचं जंजाळ. त्याने मान वर केली नाही. मीही बोलले नाही. पहिल्यांदाच निश्चय पाळला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२० मार्च, शुक्रवार. सकाळी सहा.
नातीने न विचारता माझी पिशवी भरली. बसनेच जायचं. जाऊ दे. आता भांडायचं त्राण नाही. प्लास्टिकच्या चार पिशव्या बरोबर घेतल्यात.

२० मार्च. संध्याकाळी.
बस लागली नाही. चारही पिशव्या तशाच घडी करून परत आणल्या.
साडेदहाला पोचलो. साडेअकराला त्यांना न्यायला गाडी येणार होती. घर रिकामं, बांधलेली खोकी, मधे एका खुर्चीवर ताई. मी दारात उभी, समोर, आणि ती विचारते, कोण आलंय? दोन्ही डोळे गेलेत तिचे. वर्ष झालं म्हणे. मला फोनवर कधी बोलली नाही. मी विचारलंही नव्हतं.
माझं तोंड हातांनी चाचपलं आणि हसली. म्हणाली, आलीस? कशाने आलीस गं?
मी म्हटलं, गाडीने.
नातीने माझ्याकडे बघितलं, पण बोलली नाही, गुणाची पोर. ताई म्हणाली, हो का! रंग कुठला? मग मी रंग सांगितला. मग सीटा, मग दिवे, मग मेंदू, मग गॅरेजवाला, भंगारवाला. माझा हात हातात धरून ती हं हं करत ऐकत होती. मला काही थांबता येईना.
मग मुलगा म्हणाला, चला. तिला उठवलं. दाराशी थांबून म्हणाली, अगं, तुझं कसं चाललंय ते राहिलंच की. आणि मला सांगायचं होतं ते पण.
येताना बसमध्ये गॅरेजवाल्याचा फोन आला. गाडी चालू झाली. नातीने सांगितलं, मी बरं म्हटलं.
एक तास मिळाला होता. त्यातला पाऊण तास मी गाडीचंच सांगितलं.